गोवराच्या एका डोसावर अडलेला पगार

प्रकरण असं. नाशिकची विद्यार्थिनी, पुण्यात बी.ई. झालेली, इलिनॉय राज्यातल्या एका सरकारी विद्यापीठात संगणकशास्त्राचं एम.एस. करायला निघाली. गाव शिकागोपासून बसने तीन तासांवर. १४ ऑगस्टला, शुक्रवारी ती ओ'हेअर विमानतळावर उतरली. आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशाच्या कागदावर, अभ्यासक्रम सुरू होण्याची तारीख १७ ऑगस्ट होती, तास २४ ऑगस्टपासून. कॅम्पसवरच्या डायनिंग हॉलमध्ये आठवड्याला १५ तासांचं काम जुलैतच ई-मेलवर पक्कं झालं होतं, रुजू व्हायची तारीख ३१ ऑगस्ट. प्रत्यक्षात ती रुजू झाली १० सप्टेंबरला आणि सोशल सिक्युरिटी नंबर (एसएसएन), म्हणजे पगार आणि करासाठी लागणारा अमेरिकी ओळख क्रमांक, हाती आला २२ सप्टेंबरला. दहा दिवसांचा उशीर तसा फार नाही. पण मधल्या काळात तिचा एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसाचा, दर्जाच धोक्यात आला होता आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. कारण शोधत मागे गेलं की आपण थेट लहानपणीच्या लसीकरणाच्या पुस्तिकेपाशी पोचतो.

हे कुणा एकीचं चरित्र नाही. दर ऑगस्टमध्ये नव्या विद्यार्थ्यांना ज्या अडचणी हमखास येतात, त्या एकीवर बसवून केलेलं हे नमुना प्रकरण आहे. तारखा आणि घरखर्चाचे आकडे नमुन्यापुरते आहेत, नियम मात्र खरे.

पुस्तिका

अमेरिकी विद्यापीठांना गोवर-गालगुंड-रुबेला म्हणजे एमएमआर लशीचे दोन डोस लागतात. दोन्हींत किमान २८ दिवसांचं अंतर हवं आणि दोन्ही पहिल्या वाढदिवसानंतर घेतलेले हवेत. तिच्या पुस्तिकेत दोन नोंदी होत्या: नवव्या महिन्यात गोवर, पंधराव्या महिन्यात एमएमआर. घरच्यांच्या हिशेबाने झाले दोन. विद्यापीठाच्या हिशेबाने एकच, कारण नवव्या महिन्याचा डोस वर्षाच्या आतला, तो धरत नाहीत. महाराष्ट्रातल्या ज्या मुलांनी सरकारी वेळापत्रकाप्रमाणे नवव्या महिन्यात गोवराची लस घेतली, त्यांच्यापैकी अनेकांच्या पुस्तिकेत ही फट असते.

विद्यापीठाच्या पोर्टलवर नोंद अपुरी असल्याचा निरोप जुलैतच येऊन पडला होता. व्हिसाच्या गडबडीत तो ६ ऑगस्टला वाचला गेला. त्याच दिवशी फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन तिने एमएमआरचा डोस घेतला आणि प्रश्न मिटला असं धरलं. खरी अडचण इथून सुरू झाली.

भारतातून येणाऱ्यांना बऱ्याच विद्यापीठांत क्षयरोगाची तपासणी करावी लागते. आपल्याकडे जन्मतःच बीसीजी टोचतात, त्यामुळे हातावरची त्वचाचाचणी आजार नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून इग्रा नावाची रक्ततपासणी करतात. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. पण एमएमआर ही जिवंत विषाणूची लस आहे आणि तिच्यानंतर काही आठवडे क्षयरोगाच्या दोन्ही चाचण्यांचा निकाल फसवा येऊ शकतो. नियम असा, की चाचणी लशीच्या दिवशीच करायची, नाहीतर लशीनंतर निदान चार आठवडे थांबायचं. १८ ऑगस्टला ती कॅम्पसच्या आरोग्य केंद्रात गेली, तेव्हा लशीला बारा दिवस झाले होते. रक्त घ्यायला ३ सप्टेंबरला या, असं तिला सांगण्यात आलं. निकालाला आणखी दोन-तीन दिवस. विषय वाढवण्याची शेवटची तारीख होती ४ सप्टेंबर.

६ ऑगस्टला नाशिकमध्येच लस आणि रक्त एकाच दिवशी झालं असतं तर विषय तिथेच संपला असता. दुसरा मार्गही होता: लशीऐवजी रक्तातली प्रतिपिंडं मोजून घेणं. एमएमआरच्या डोसाऐवजी हा अहवाल बरीच विद्यापीठं स्वीकारतात, आणि त्याने क्षयरोगाच्या चाचणीत काही बिघडत नाही. दोन्ही अहवाल इंग्रजीत, सही-शिक्क्यानिशी हवेत. डोसांची तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहिलेला बरा, कारण ०६/०८ हे अमेरिकेत ८ जून असं वाचलं जातं.

एका होल्डमागे काय काय अडतं

लसीकरणाची नोंद अपुरी, म्हणून तिच्या विद्यापीठातल्या खात्यावर होल्ड, म्हणजे रोक, लागला. होल्ड असताना नवा विषय घेता येत नाही. उन्हाळ्यात तिने दोन विषय घेतले होते, म्हणजे ६ क्रेडिट. तिसरा तिथे पोचल्यावर सीनियरना विचारून ठरवू असा बेत होता. या विद्यापीठात पदव्युत्तर पूर्णवेळ म्हणजे ९ क्रेडिट. ६ वर ती पूर्णवेळ नाही. पूर्णवेळ नसेल तर डीएसओ, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीतले अधिकृत अधिकारी, सेविस या सरकारी प्रणालीत तिची नोंदणी करू शकत नाहीत. ही नोंदणी आय-२० वरच्या तारखेपासून ३० दिवसांत, म्हणजे १६ सप्टेंबरपर्यंत व्हायलाच हवी. नाही झाली तर सेविसमधलं खातं बंद होऊ शकतं आणि मग गाठ थेट इमिग्रेशनशी पडते.

सोशल सिक्युरिटीचं कार्यालय अर्जदाराची खातरजमा सरकारी प्रणालीतूनच करतं. सेविसमध्ये नोंदणी नसेल तर नंबर निघत नाही. थोडक्यात ओळ अशी लागते: लस, होल्ड, क्रेडिट, सेविस, नंबर, पगार.

तिने ही ओळ उलट्या टोकाने धरली. १८ तारखेला सकाळी, आरोग्य केंद्राच्याही आधी, ती ऑफर लेटर घेऊन सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात पोचली होती. ओळखीच्या एका सीनियरनेच तसं सुचवलं होतं, "नंबराला वेळ लागतो, आधी तेच उरक." त्याच्या वेळी उरकलंही असेल. तिला परत पाठवलं, आणि ते योग्यच होतं. कामाच्या आधारावर नंबर मागताना हे लागतं:

- एसएस-५ अर्ज (शुल्क नाही)
- पासपोर्ट, आय-२०, आणि सीबीपी या सीमा-कस्टम्स खात्याच्या संकेतस्थळावरून छापलेला आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद)
- काम देणाऱ्या विभागाचं पत्र: कामाचं स्वरूप, सुरुवातीची तारीख, आठवड्याचे तास, वरिष्ठांचं नाव व फोन, विभागाचा ईआयएन (काम देणाऱ्याचा कर-ओळख) क्रमांक, शाईची सही
- डीएसओचं पत्र

यातलं शेवटचं तिच्याकडे नव्हतं, कारण चेक-इनच केलं नव्हतं. चेक-इन म्हणजे नुसतं ओरिएंटेशनच्या सभागृहात जाऊन बसणं नव्हे. पोर्टलवर स्थानिक पत्ता, फोन, आय-९४ आणि व्हिसाच्या पानाची प्रत टाकावी लागते. पत्ता पुढे बदलला तर १० दिवसांच्या आत पुन्हा कळवायचा. सेविस नोंदणी झाली की सोशल सिक्युरिटीकडे जायला ४८ तास थांबावं. देशात आल्यापासून दहाएक दिवस गेलेले असले तर आणखी बरं, तोवर प्रवेशाच्या नोंदी सगळीकडे पोचलेल्या असतात.

सुटका झाली ती एका ई-मेलने. १९ ऑगस्टला तिने डीएसओ आणि आरोग्य केंद्र दोघांना एकाच पत्रात तारखा मांडून लिहिलं: लस कधी, चाचणी कधी शक्य, विषय वाढवण्याची मुदत कधी. आरोग्य केंद्राने लक्षणांची प्रश्नावली भरून घेतली आणि १० सप्टेंबरपर्यंत होल्ड तात्पुरता उठवला. अशी सवलत अनेक ठिकाणी मिळते, पण मागितली तरच, आणि तीही मुदतीच्या आधी. ४ सप्टेंबरनंतर हेच पत्र गेलं असतं तर उत्तर सहानुभूतीचं आलं असतं, उपयोगाचं नाही.

तोवर हवा तो विषय भरला होता. १ सप्टेंबरला रिकामा मिळाला तो ऑनलाइन विषय. एफ-१ वर एका सत्रात पूर्णवेळेच्या हिशेबात एकच ऑनलाइन विषय, फार तर ३ क्रेडिटचा, धरला जातो. तिचे बाकी दोन वर्गातले होते, म्हणून चाललं. दोन ऑनलाइन असते तर कागदावर ९ क्रेडिट होऊनही ती पूर्णवेळ ठरली नसती.

सेविस नोंदणी २ सप्टेंबरला झाली. ३ ला रक्त दिलं. ७ तारखेला लेबर डेची सुट्टी, म्हणून सोशल सिक्युरिटीकडे ८ ला. नंबर टपालाने दोन आठवड्यांनी आला. पण कामासाठी तोवर थांबण्याची गरज नव्हती: अर्ज केल्याची पावती असेल तर नंबर येण्याआधी काम सुरू करायला कायद्याची हरकत नाही. लागतो तो आय-९ अर्ज, म्हणजे काम करायची परवानगी असल्याची पडताळणी. त्याचा पहिला भाग कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत कर्मचारी भरतो, आणि मूळ पासपोर्ट, आय-९४, आय-२० पाहून दुसरा भाग विभाग तीन कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करतो. हे ९ ला केलं आणि १० ला ती कामावर गेली.

वडिलांचं नाव कुठे बसतं

मराठी माणसाच्या कागदपत्रांचा हा जुना दुखरा दात. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पुण्या-मुंबईच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी. भारतीय पासपोर्टवर दोनच रकाने: आडनाव आणि दिलेलं नाव, वडिलांचं नाव दिलेल्या नावाच्या रकान्यात स्वतःच्या नावाला जोडून येतं. व्हिसा, आय-२० आणि आय-९४ पासपोर्टचाच कित्ता गिरवतात. प्रवेशअर्जात मात्र तिने वडिलांचं नाव 'मधलं नाव' म्हणून वेगळं दिलं होतं, आणि विद्यापीठाच्या पोर्टलने ते पहिल्याच दिवसापासून गाळलं.

परिणामी ऑफर लेटरवर दोनच नावं, पासपोर्टवर तीन. ८ सप्टेंबरला अर्ज घेतला गेला तो विभागाने पासपोर्टप्रमाणे नाव घालून नवं पत्र दिल्यावरच. सोशल सिक्युरिटी कार्डावरचं नाव पासपोर्ट आणि इमिग्रेशनच्या कागदांवरून येतं. पगाराच्या नोंदीत नेमकं तेच हवं, नाहीतर वर्षअखेरीच्या डब्ल्यू-२ या पगार-कराच्या दाखल्यावर नाव-नंबर जुळत नाहीत. राज्याचं ओळखपत्र किंवा लायसन्स काढायला इलिनॉयमध्ये सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात जावं लागतं, तिथेही हाच मेळ पाहतात.

उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा: पासपोर्टवर जसं आहे तसं, दोन्ही नावं पहिल्या नावाच्या रकान्यात, मधला रकाना रिकामा. सगळीकडे. मित्रमैत्रिणींनी हाक मारायच्या नावासाठी पोर्टलवर वेगळा रकाना असतो. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा आहे, त्यांच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापून येतं, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. तसं असेल तर अमेरिकेला निघण्याआधी भारतातच पासपोर्ट दुरुस्त करून घ्यावा.

चौघांचं घर, तिघांचं भाडं

दोन बेडरूमचं घर, चौघी, महिना १६०० डॉलर, अनामत १६००. सह्या मे महिन्यात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जमून झाल्या. चौथीचा व्हिसा ऑगस्टमध्ये नाकारला गेला. करारात एक ओळ होती, ती बहुतेक करारांत असते आणि कुणी वाचत नाही: भाडेकरूंची जबाबदारी संयुक्त आणि वैयक्तिक. म्हणजे घरमालकाला १६०० हवेत. ते किती जणींनी भरायचे हा त्याचा प्रश्न नाही. ४०० ऐवजी प्रत्येकीवर ५३३ आले. सप्टेंबर अखेर चौथी जागा पोटभाड्याने गेली, तीही घरमालकाची लेखी संमती आल्यावरच. लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं हाच करारभंग ठरू शकतो.

नव्याने येणाऱ्याने पलंगनिहाय स्वतंत्र करार मिळत असेल तर थोडं महाग पडलं तरी तोच घ्यावा. नसेल तर व्हिसा न मिळाल्यास काय, हे एका ओळीत करारात आधीच लिहून घ्यावं. सह्या झाल्यावर कुणी दाद देत नाही. आणि घर न पाहता, मालकीची शहानिशा न करता झेलने (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची अमेरिकी सोय) अनामत पाठवू नये. झेलचे पैसे परत मागवता येत नाहीत, हे फसवणाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं.

पहिल्या दिवशी प्रत्येक भिंत, गालिचा, ओव्हन आणि बाथरूमचे तारखेसह फोटो काढून घरमालकाला ई-मेल करावेत. इलिनॉयमध्ये पाच किंवा अधिक घरांच्या इमारतीत मालकाला अनामत कापायची असेल तर घर सोडल्यापासून ३० दिवसांत खर्चाची बाबवार यादी द्यावी लागते. नाही दिली तर ४५ दिवसांत पूर्ण रक्कम परत. हे फोटो तेव्हा कामी येतात.

घर रिकामं असतं, अगदी गादीसुद्धा नाही. वीजजोडणी भाडेकरूच्या नावावर, आणि कंपनी एसएसएन मागते. नसेल तर कधी पासपोर्टवर भागतं, कधी अनामत मागतात. तिथली वीज १२० व्होल्टची, म्हणून नाशिकहून नेलेला २३० व्होल्टचा मिक्सर नुसता कुरकुरतो. लॅपटॉपच्या चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असतं, त्याला फक्त पिन लागते. कुकर खुशाल न्यावा. तांदूळ मात्र नेऊ नये, भारतातून सामानात नेलेला तांदूळ कस्टम्समध्ये काढून घेतात. बाकी मसाले, लोणचं वगैरे जे असेल ते जाहीर करावं. जाहीर न करणं हाच गुन्हा धरतात, पदार्थ चालणारा असला तरी. आणि फोडणी. स्वयंपाकघराचा पंखा पुष्कळदा हवा बाहेर न टाकता गाळून आतच सोडतो, वर धुराचा अलार्म. खिडकी उघडून मंद आचेवर फोडणी करावी. अलार्मवर प्लॅस्टिकची पिशवी बांधण्याची युक्ती कुणीतरी सांगतंच. तपासणीत सापडली तर दंड आहे, आणि आग लागली तर दंडाची चिंता उरत नाही.

पैसे, पहिले सहा आठवडे

तिचा पहिला पगार सप्टेंबरच्या शेवटी आला. तोवरचा खर्च: अनामत ४००, ऑगस्ट-सप्टेंबरचं भाडं साधारण ९००, गादी-अंथरूण-भांडी २५०, किराणा ३५०, सिम आणि किरकोळ १५०. म्हणजे सुमारे दोन हजार डॉलर हाताशी हवेत. भारतातून निघताना नोटा जास्तीत जास्त ३,००० डॉलरच्या नेता येतात, बाकी फॉरेक्स कार्डावर.

बँकेचं खातं एसएसएन नसतानाही उघडतं: पासपोर्ट, आय-२०, स्थानिक पत्ता. विद्यार्थ्यांचं बिनशुल्क चेकिंग खातं मागावं. भारतीय सिम बंद करू नये, कारण कर्जाच्या आणि बँकेच्या ओटीपीची वाट तीच.

फी शैक्षणिक कर्जातून, नाशिकच्या शाखेतून गेली. पूर्ण भरली तरी खात्यावर २२ डॉलर बाकी दिसले आणि त्यावर दुसरा होल्ड लागला. मधल्या बँकेने आपलं शुल्क वाटेतच कापलं होतं. रेमिटन्सच्या अर्जावर परदेशातलं शुल्कही पाठवणाऱ्याच्या खात्यातून घ्यावं असं खूण करून सांगितलं तर हे टळतं. शाखेशी बोलायचं तर नाशिकचे सकाळी दहा म्हणजे इलिनॉयमध्ये आदल्या रात्रीचे साडेअकरा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे गेली की साडेदहा. वडिलांनी शाखेत जाऊन काम करायचं असेल तर भारतातून निघण्यापूर्वीच मुखत्यारपत्र करून ठेवलेलं बरं.

आरोग्यविम्याबद्दल एवढंच: ताप-खोकल्याला कॅम्पसचं आरोग्य केंद्र, रात्री-अपरात्री अर्जंट केअर, इमर्जन्सी रूम फक्त खऱ्या आणीबाणीला. बिलातला फरक शेकड्यांचा नाही, हजारांचा असू शकतो.

सबमिशनची सवय

पुण्यात सबमिशनच्या आदल्या रात्री एकाची जर्नल वर्गभर फिरते. शिक्षकांनाही ते माहीत असतं. इथे पाचव्या आठवड्यात तिने गृहपाठाचा प्रोग्रॅम मैत्रिणीला 'बघायला' दिला. प्रोग्रॅममधलं साम्य शोधणारी मॉससारखी साधनं चलांची नावं बदलली, ओळी वरखाली केल्या तरी फसत नाहीत. शैक्षणिक सचोटीच्या नियमात देणारी आणि घेणारी दोघीही सारख्याच दोषी. त्या गृहपाठाला शून्य मिळालं आणि नोंद फाइलमध्ये गेली. असं दुसऱ्यांदा झालं तर निलंबन होऊ शकतं, आणि निलंबन म्हणजे एफ-१ दर्जा गेला. काय चालतं, काय नाही, हे प्रत्येक विषयाच्या सिलॅबसमध्ये लिहिलेलं असतं. अडलं तर प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्समध्ये जावं. तिथे जाणं ही कमकुवतपणाची कबुली मानत नाहीत.

पहिली पगारपावती

दोन आठवड्यांचे ३० तास, ताशी १५ डॉलर (इलिनॉयचं किमान वेतन), एकूण ४५०. त्यातून आयकराखेरीज ३४ डॉलर ४३ सेंट सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या सरकारी निवृत्ती व आरोग्य योजनांपोटी कापलेले, म्हणजे ७.६५ टक्के. एफ-१ विद्यार्थ्याला पहिली पाच कॅलेंडर वर्षं ही कपात लागू नाही. विद्यापीठाच्या पेरोल प्रणालीत ती अनिवासी असल्याची माहिती तिने भरलीच नव्हती, म्हणून तिला निवासी धरलं गेलं. पेरोलला ई-मेल केल्यावर पुढच्या पगारात पैसे परत मिळाले. विभागाने परत दिले नसते तर फॉर्म ८४३ भरून करखात्याकडे मागावे लागले असते, आणि त्याला महिने लागतात.

सत्र सुरू असताना कामाची मर्यादा आठवड्याला २० तास, कॅम्पसवरच. गावातल्या हॉटेलात रोखीने काम मिळतं आणि ते करणारेही भेटतात. पकडलं गेलं तर दर्जा जातो. पुढच्या वर्षी १५ एप्रिलपर्यंत तिला १०४०-एनआर हे अनिवासींचं आयकर विवरणपत्र आणि त्यासोबत ८८४३ हा करासाठी अनिवासी असल्याचा फॉर्म भरायचा आहे. भारत-अमेरिका करकरारातल्या कलम २१(२) मुळे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट मिळते, जी इतर बहुतेक देशांच्या अनिवासी विद्यार्थ्यांना मिळत नाही. फुकटात मिळणारी नेहमीची करसॉफ्टवेअरं निवासींसाठी असतात, त्यांतून निवासींचा १०४० भरला जातो आणि तो चुकीचा असतो. तिच्या घरातली तिसरी मुलगी, जिला अजून काम मिळालेलं नाही, तिलाही ८८४३ एकटा भरायचा आहे, १५ जूनपर्यंत.